काटेसाहेब आणि पुलावरचा राक्षस

निपाणीच्या बाजारात देवाप्पाला देवाप्पा म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. सगळे काटेसाहेब म्हणतात. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली, तरी तो भाजी घ्यायला गेला की बायका उगीचच पारडं पुसायला लागतात. एकतीस वर्षं जो माणूस पितळी वजनांची पेटी घेऊन संकेश्वरपासून खानापूरपर्यंत दुकानांच्या पायऱ्या चढला, पारड्याखाली चिकटवलेली चिंच ज्यानं नुसत्या नजरेनं हेरली, त्याला घाबरायचं नाही तर कुणाला घाबरायचं? अशा माणसाशी खोटं बोलू नये. बोललात तर तो रागवत नाही, तपासत बसतो, आणि ते जास्त वाईट.

यंदा जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर, त्याच्या उजव्या हातावरनं वारं गेलं. तसं थोडक्यात निभावलं. बोलणं शाबूत, पाय शाबूत, फक्त उजवा हात खांद्यापासून खाली लोंबायला लागला आणि बोटं ऐकेनात. दवाखान्यातून घरी आल्यावर सौम्या नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायला लागली. कानडी मुलगी, हसतमुख, कामाला चोख. तिनं रबराचा चेंडू दिला आणि रोज तीनशे वेळा दाबायला सांगितलं. देवाप्पानं चार दिवस दाबला. पाचव्या दिवशी भिंतीवर फेकला, तोही डाव्या हातानं.

त्याची तक्रार चेंडूबद्दल नव्हती, आकड्याबद्दल होती. काल किती जोर लागला, आज किती लागला, चेंडू काही सांगत नाही. सौम्या येणार, लई सुधारणा सार, म्हणणार. बायको तानीबाई म्हणणार, व्हय, सुधारलंय की. शेजारचा रवळू कुंपणावरून ओरडणार, काटेसाहेब, आता एकदम फिट. आणि गंमत अशी की हे बोलताना एकहीजण त्याच्या हाताकडे बघायचा नाही. जन्मभर दुसऱ्याचं वजन तपासलेल्या माणसाला आपल्याच हाताचं वजन कोणी खरं सांगेना, याची त्याला भयंकर चीड होती.

यावर तोड काढली अक्षरानं. अक्षरा म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती माडीवरच्या खोलीत बसून करते. कॉलेजपासून तिला गेमचा नाद. तिनं आपला गेमचा डबा खाली आणून टीव्हीला जोडला आणि दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर बापाच्या मांडीवर ठेवला. उजव्या अंगठ्याखालच्या बटणावर तलवार, उजव्या तर्जनीखालच्या खटक्यावर ढाल. सौम्याला ज्या बोटांची हालचाल पाहिजे होती तीच बोटं.

गेममध्ये एक पडकं राज्य होतं, त्यात गंजक्या तलवारीचा एक शिपाई, म्हणजे आपण, आणि वाटेवर जिथं तिथं टपलेली भुतंखेतं. इंग्रजी नाव लांबलचक होतं. तानीबाई त्याला भूतखाना म्हणायची. पण देवाप्पाला तो पहिल्याच दिवशी आवडला, कारण त्या गेमला दयामाया नव्हती. ढाल वेळेवर उचलली तर वाचलास, नाही उचलली तर मेलास. सुधारणा सार, वगैरे भानगड नाही. घरात खरं बोलणारं एक तरी कोणीतरी आलं, असं त्यानं तानीबाईला सुनावलंसुद्धा.

मार्चात तो एका दगडी पुलापाशी अडला. पुलावर एक डोळ्याचा राक्षस उभा, हातात झाडाचा बुंधा. दोन फटक्यांत देवाप्पाचा शिपाई आडवा. तीस-पस्तीस वेळा मेला. कॅलेंडरच्या पाठीमागं तो रोज लिहायचा, आज वरच्या पट्टीत राक्षसाचं रक्त किती कमी झालं, आपण कुठं चुकलो. मग एके दिवशी त्यानं कंट्रोलर खाली ठेवला आणि सौम्याला येऊ नको म्हणून निरोप दिला. दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, पुन्हा बसला, आणि पहिल्याच झटक्यात राक्षस पडला! पुलावरून खाली नदीत. देवाप्पानं तानीबाईला पिठाच्या हातानिशी बाहेर बोलावलं आणि नदीतले बुडबुडे दाखवले.

त्यानंतर एप्रिलभर तो सुसाट सुटला. गुहा झाल्या, किल्ला झाला, तीन डोक्यांची सुसर झाली. सौम्याला परत बोलावलं. हात वर जायला लागला, घास तोंडापर्यंत यायला लागला. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात त्यानं जेवताना जाहीर केलं की हात आला. बुद्धपौर्णिमेला तो आणि तानीबाई कोगनोळीला स्कूटरवरून जाणार.

दरवर्षीची चाल होती ती. कोगनोळीत त्याची थोरली बहीण नागुबाई राहते. पौर्णिमेला तिथल्या विहारात खीर असते, आणि मोठ्या पातेल्यातली खीर ढवळायचं काम गेली वीस वर्षं देवाप्पाकडे. तो स्कूटरवर जायचा, मागं तानीबाई. पल्ला दहा-बारा किलोमीटरचाच, पण सगळा हायवे, आणि सीमेच्या नाक्याजवळ लॉऱ्यांची गर्दी. स्कूटरच्या उजव्या मुठीत वेग, उजव्याच बोटांत पुढचा ब्रेक. सौम्या म्हणाली, ईग बेडा सार, म्हणजे आत्ता नको. पण ती हसून म्हणाली, आणि हसून सांगितलेलं देवाप्पा धरत नाही. अक्षराचा घास हातातच राहिला. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती माडीवर गेली.

देवाप्पानं नागुबाईला फोन लावला. राक्षसाची कहाणी तिखटमीठ लावून सांगितली. जो महिनाभर हलत नव्हता तो पडला, म्हणजे हात आला, दुसरा पुरावा काय पाहिजे? तानीबाई शेजारी बसून घेवडा निवडत होती. तिनं त्या गेमकडे कधी धड बघितलं नव्हतं असं सगळ्यांना वाटायचं. फोन ठेवल्यावर तिनं मान वर न करताच विचारलं.

"तुमचा हात आला म्हणून तुमी त्येला मारलासा, ह्ये कळलं. पर त्येचा हात कशानं गेला? आदी दोन फटक्यात तुमाला पाडायचा. पडला त्या दिशी धा-बारा हाणलं तरी तुमी हुबं."

देवाप्पा हसला. मग हसायचा थांबला. त्यानं सांगून पाहिलं की वाटेत चिलखत मिळालं होतं. पण ते पुलाच्या पलीकडं मिळालं होतं, अलीकडं नव्हे, आणि हे तोंडातून बाहेर पडायच्या आतच त्याला आठवलं. आपल्या हाताची ताकद वाढली तर आपली ढाल लवकर उठेल, आपला वार वेळेवर बसेल. समोरच्याच्या बुंध्याचा मार त्यानं कसा हलका होईल? एक किलोचं माप पैलवानानं उचललं तरी एकच किलो भरतं. हे त्याला कळायला नको होतं? दुकानात शिरल्यावर पहिलं काम काय, तर रिकामा काटा शून्यावर आहे का बघायचं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतः सहा आठवडे आनंदाच्या भरात काटा न बघताच वजन करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षरा माडीवर मीटिंगमध्ये गेल्यावर तो टीव्हीसमोर बसला. आपला डाव त्यानं तसाच ठेवला आणि पहिल्यांदाच नवा डाव निवडला. आधीचा अक्षरानं सुरू करून हातात दिला होता, त्यामुळे पुढची पाटी त्यानं कधी पाहिलीच नव्हती. पडद्यावर चार ओळी आल्या. गोष्टीपुरता, सोपा, नेहमीचा, कठीण. इंग्रजीतच होत्या, पण अर्थ हाच. लढाई कशी पाहिजे, असं गेम विचारत होता.

अस्सं, देवाप्पा मनात म्हणाला, म्हणजे एका दुकानात चार काटे.

मग त्यानं कामाला हात घातला, आणि खरं सांगायचं तर त्याला मजा यायला लागली. डावाच्या सुरुवातीलाच एक अंगण आहे, अंगणात विहीर, विहिरीपाशी हाडांचा एक शिपाई. नुसता सापळा, हातात तलवार. देवाप्पानं चारी वेळा नवा डाव मांडला, चारी वेळा तीच गंजकी तलवार, तोच सापळा. गोष्टीपुरत्यावर सापळा तीन वारांत कोसळला. सोप्यावर चार, नेहमीच्यावर सहा. कठीणवर बारा. मग उलटं. कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला आणि सापळ्याला म्हणाला, हाण. गोष्टीपुरत्यावर चौदा वार खाऊन त्याचा शिपाई उभा होता, तेवढ्यात तो जाऊन चहाला आधण ठेवून आला. नेहमीच्यावर बाराव्या वाराला पडला, कठीणवर तिसऱ्या वाराला खेळ खलास.

पण नुसत्या आकड्यांवर भागलं नाही. तो पडद्याजवळ खुर्ची ओढून बसला. सापळा वार करण्याआधी तलवार डोक्यावर उचलतो. गोष्टीपुरत्यावर ती तशीच धरून बराच वेळ थांबतो, आणि आपण ढाल उशिरा उचलली तरी गेम ती वेळेवर धरतो. मागून दुसरा सापळा येतो, पण पहिल्याचं संपेपर्यंत रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा बाजूला उभा राहतो. कठीणवर रांग वगैरे काही नाही. दोघं एकदम येतात. आणि तलवार उचलून न मारताच खाली घेतात, आपली ढाल फुकट उठली की मग हाणतात. बेरकी! देवाप्पानं मांडीवर थाप मारली. तानीबाईनं जेवायला दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकूच आली नाही.

त्याचं म्हणणं असं पडलं की कठीण या नावाखाली गेमनं दोन वेगळ्या गोष्टी घुसवल्या आहेत. सापळा बेरकी झाला, दोघं मिळून आले, हे ठीक. शत्रू शहाणा झाला तर आपण शहाणं व्हावं. पण तीच तलवार, तेच हाड, वार तसाच नेमका बसलेला, आणि गेम तो मोजताना निम्माच धरतो. आणि समोरच्याचा एक मोजताना चार धरतो. याला लढाई म्हणायची का? ही तर सरळसरळ काट्यात केलेली गडबड झाली. असा काटा दुकानात सापडला असता तर त्यानं तिथल्या तिथं जप्त केला असता.

हे मनात आलं आणि त्यानं कंट्रोलर खाली ठेवला. कारण हा खेळ तो खेळलेला होता. खात्यात लागला तेव्हा प्रशिक्षणात सोबतचा एकजण सगळ्यांदेखत म्हणाला होता, तुमचं बरं असतंय बाबा, तुम्हाला पायऱ्या कमी. देवाप्पा त्या परीक्षेत दुसरा आला होता. म्हणणारा कुठं आला होता ते कोणी विचारलं नाही. पुढं एकतीस वर्षं त्याचा अहवाल शेरा मारून परत यायचा, आणि तसाच अहवाल दुसऱ्याच्या सहीनं मुकाट पुढं जायचा. त्याची एक चूक तीन चुका व्हायची. बारा वार केल्यावर त्याचे सहा धरले जायचे, आणि वर सोप्यावरून आलेला म्हणून ऐकून घ्यायचं. त्याचे आईबाप तंबाखूच्या वखारीत राबलेले, त्यांनी त्याला शिकवलं ते जिद्दीनं. आयुष्यात सोप्यावर खेळायला मिळालं कधी?

त्यानं आपला चालू डाव उघडला, अक्षरानं सुरू करून दिलेला, सुसर मारलेला. अक्षरा कुठल्या पानावर जाऊन आवाज कमीजास्त करते ते त्यानं पाहिलं होतं. त्या पानावर खाली ओळ होती. गोष्टीपुरता. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ज्यांना फक्त गोष्ट पाहायची आहे आणि लढाईचा त्रास नको आहे अशांसाठी. देवाप्पानं ते तीनदा वाचलं. त्याला इतकं वाईट वाटलं की टीव्ही बंद करायचंही सुचलं नाही.

चारच्या चहाला अक्षरा खाली आली. टीव्हीवर ते पान तसंच होतं. तिनं ते पाहिलं आणि कपाला हात लावला नाही.

"कवा बदललीस?" देवाप्पानं विचारलं. दुकानदाराला विचारायचा तो शांत आवाज.

"सत्तावीस मार्चला," ती म्हणाली. लपवाछपवी तिनं केली नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. मग ती भडाभडा बोलत सुटली. तो दोन दिवस जेवला नव्हता. सौम्याला येऊ नको म्हणाला होता. आता हा हात सोडून देणार, असं तिला वाटलं आणि ती घाबरली. तो झोपला असताना तिनं आधी सोप्यावर लावून बघितलं, पण तिच्या अंदाजानं राक्षस तरीही भारी पडला असता, म्हणून थेट गोष्टीपुरत्यावर नेलं. हळूहळू परत चढवायचं ठरवलं होतं. पण राक्षस पडल्यावर तो इतका खुलला की तिला धीर झाला नाही. आणि त्या खुशीतच तो सहा आठवडे रोज तीन-तीन तास खटके दाबत बसला, घास तोंडात जायला लागला, हे खोटं आहे का? चेंडूनं हे झालं असतं का?

खोटं नव्हतं. देवाप्पाला ते पटत होतं, म्हणून तर त्याचा संताप जास्त होत होता.

"अक्षरा, हरायचं मला काय न्हाय गं," तो म्हणाला. "आजपतोर लई हरलोय. पर माजा हात किती आलाय ह्ये घरात समद्यास्नी ठाऊक, आनी मला एकट्यालाच न्हाय? तानीला मागं बसवून मी हायवेला निगालतो."

मग त्यानं तिला प्रशिक्षणातली ती पायऱ्यांची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत घरात कधी सांगितली नव्हती. तानीबाईसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होती. अक्षराला रडू आलं. तिला वाटलं होतं की ती बापाला आराम देतेय, आणि तिनं नेमका तोच टोमणा, जो ऐकून तो जन्मभर जळला, त्याच्या हातात आणून ठेवला होता. मला काय म्हाईत, आप्पा, एवढंच ती म्हणाली. सांगितलंच नव्हतं तर माहीत कसं असणार, असं देवाप्पा म्हणाला, आणि कप तिच्याकडं सरकवला.

चहा निवला होता. तानीबाईनं दुसरा टाकला, आणि मुद्द्याचं तिनंच काढलं. पौर्णिमा तीन दिवसांवर आली. नागुबाईला सांगून झालंय. जायचं कशानं? हात आलाय की नाही?

कोणालाच माहीत नव्हतं. आलाय हे खरं, पण किती? देवाप्पाचा राग इथं जरा मागं सरला, कारण हा प्रश्न त्याच्या धंद्यातला होता. मोजायचं कसं? वार किती बसले यात हाताचं काही नाही, ते गेमच्या मर्जीवर. हाताचं आहे ते फक्त ढालीत. समोरच्यानं तलवार उचलली की तर्जनीनं खटका दाबायचा, वेळेत दाबला तर ढाल बसते, नाहीतर नाही. ब्रेकचंही तेच असतं की! अक्षरानं डोळे पुसले आणि म्हणाली, बरोबर आहे, पण वेळेत म्हणजे किती वेळेत, ते प्रत्येक पातळीवर वेगळं आहे.

म्हणून मग त्यांनी आधी पातळ्याच तपासल्या. त्या विहिरीपाशी, तोच सापळा, पन्नास वेळा. गोष्टीपुरत्यावर तानीबाईच्या हातात कंट्रोलर दिला. जन्मात पहिल्यांदा धरलेला, तरी तिनं पन्नासातले सत्तेचाळीस अडवले आणि हे भूतखान्याचं काम आपल्याला जमतं असं सांगून टाकलं. कठीणवर खुद्द अक्षराला बाराच जमले. देवाप्पा म्हणाला, दोन्ही काटे फेका. एकावर सगळेच भरतात, दुसऱ्यावर कोणीच भरत नाही. लॉरीच्या काट्यावर जायफळ ठेवून काय कळणार? नेहमीच्यावर अक्षराचे चव्वेचाळीस आले. तो काटा बरा.

आता प्रमाण वजन पाहिजे. ज्याच्याशी ताडून बघायचं ते खात्रीचं वजन. अक्षराचा हात चालणार नाही, ती तरुण. देवाप्पानं आपला डावा हात पुढं केला. त्याच माणसाचा, त्याच वयाचा, न बिघडलेला. अक्षरानं ढाल डाव्या खटक्यावर बदलून दिली. तानीबाई चिंच फोडत होती, तिच्यापुढं चिंचोक्यांचा ढीग. अक्षरानं स्टीलची वाटी घेतली आणि ठरलं की ढाल बसली की एक चिंचोका वाटीत. डाव्याचे बेचाळीस झाले. देवाप्पा म्हणाला, उजव्याचे चाळीस झाले तर स्कूटर.

मोजायला अक्षरा वाटी घेऊन त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली. ढाल परत उजव्यावर घेतली. सुरुवात बरी झाली. वाटीत चिंचोका पडला की टण्ण आवाज यायचा, आणि देवाप्पा मागं न बघता मनात मोजत होता. पहिल्या दहात सहा. पुढच्या दहात चार. बोट दाबायचं म्हटलं की दाबलं जात होतं, पण हुकूम सुटल्यावर वाटेत कुठंतरी रेंगाळून मग पोचत होतं. हे त्याला आता लख्ख दिसत होतं, आणि इतके दिवस ते त्या सापळ्याच्या सभ्यपणात झाकून गेलं होतं. तिसाव्यापासून बोट थकलं. आवाजात अंतर पडायला लागलं. कपाळावर घाम आला, पण तो थांबला नाही. एकोणपन्नास झाले तेव्हा त्याच्या हिशेबानं वाटीत एकोणीस होते.

पन्नासाव्यांदा सापळ्यानं तलवार उचलली. तर्जनी खटक्यावर गेली, ढाल वर आली, आणि तलवार ढालीच्या कडेला घासून शिपायाच्या खांद्यावर उतरली. अडली म्हणावं तर अडली, लागली म्हणावं तर लागली. शिपायाचं रक्त केसभर कमी झालं. वाटीत आवाज झाला नाही.

देवाप्पा वळला नाही. मागं चिमटीत चिंचोका धरून अक्षरा उभी असणार, एवढं त्याला कळत होतं.

"टाक की गं," तानीबाई हळूच म्हणाली. "एका चिंचोक्यानं काय हुतंय? बापाचं मन तरी ऱ्हाईल."

तरी आवाज होईना. देवाप्पानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वीस झालं न्हवं?"

अक्षरानं चिमटीतला चिंचोका परत ढिगात टाकला.

"न्हाय आप्पा," ती म्हणाली. "एकोणीस."

देवाप्पाला हाताचं वाईट वाटलं, लई वाटलं. एकोणीस म्हणजे निम्मासुद्धा नाही. यंदा पौर्णिमेला खीर दुसराच कोणीतरी ढवळणार. पण त्याच वेळी जानेवारीपासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. या घरात त्याला खरा आकडा सांगणारं माणूस होतं, आणि ते त्याच्याच पोटचं होतं. त्याला इतका आनंद झाला की तो लपवायला तो उठून आत गेला, आणि स्कूटरची चावी घेऊन बाहेर आला. पौर्णिमेला बसनं जाऊ, असं त्यानं तानीबाईला सांगितलं. चावी उजव्या हातात धरून अक्षराच्या तळव्यावर ठेवली. बोटं उघडायला वेळ लागला, तोपर्यंत ती हात पसरून थांबली.

"चाळीस झाल्याबिगार दिऊ नगंस," तो म्हणाला. "मी मागितली तरी."

तानीबाईनं चिंचोके परत ढिगात ओतले. दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, एकोणचाळीस झाले तर?

"न्हाय," बाप आणि लेक एकदमच म्हणाले.